सव्वा लाखाचा फोन आणि ट्रंकभर मोडी कागद : गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा घ्यावा का?

बोरू आणि शाई | ४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. माहेरच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा तांब्यापितळेची भांडी इतरांनी घेतली आणि कोणालाच नको असलेली एक पत्र्याची ट्रंक माझ्या वाट्याला आली. तीत साधारण चौदाशे मोडी कागद आहेत. बहुतेक वतनाचे आणि सावकारीचे आहेत, काही खाजगी पत्रे आहेत आणि तीन-तीन हात लांबीच्या काही गुंडाळ्याही आहेत. मी साताऱ्यात शाळेत गणित शिकवते आणि रविवारी पंधराएक जणांना ऑनलाइन मोडी शिकवते. त्यामुळे माझ्यापुढे दोन कामे आहेत. पहिले म्हणजे कसर आणि दमट हवा यांनी उरलेसुरले खाण्यापूर्वी सर्व कागदांची छायाचित्रे घेणे. दुसरे म्हणजे अक्षराचे वळण कोठून सुरू होते आणि बोरू न उचलता पुढच्या अक्षरात कसे जाते, हे विद्यार्थ्यांना पडद्यावर गिरवून दाखवणे.

माझा सध्याचा फोन २०२१ मध्ये घेतलेला आहे. बॅटरी दुपारी तीनपर्यंत तग धरते, १२८ जीबी भरत आलेली आहे आणि यंदापासून सुरक्षेचे अपडेट येणे थांबले आहे. म्हणून सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२५ अल्ट्रावर नजर आहे. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, सोबत एस पेन (पडद्यावर लिहिण्याची लेखणी) आणि ७ वर्षे अपडेटची हमी, अशा तिन्ही गोष्टी माझ्या कामाच्या वाटतात. जाहीर किंमत १,२९,९९९ रुपये आहे. तिला ७ ने भागले तर वर्षाला १८,५७१ रुपये पडतात, असे मी घरात मांडून दाखवले. यजमानांचे म्हणणे असे की, "तुला कागदाचे फोटो काढायचे आहेत, चंद्राचे नव्हेत." एवढा पैसा मी आजवर कोणत्याही एका वस्तूवर एकटीने खर्च केलेला नाही, त्यामुळे जाणत्यांनी मोकळेपणाने सांगावे.

चक्रवाढ | ४ ऑक्टोबर, रात्री १०.१५

गणिताच्या शिक्षिकेला गणित सांगण्याचे धाडस करतो, क्षमा असावी. अपडेटची ७ वर्षे आपल्या खरेदीच्या दिवसापासून मोजली जात नाहीत; तो फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जातात. एस२५ अल्ट्रा २२ जानेवारी २०२५ रोजी जाहीर झाला, म्हणजे हमी जानेवारी २०३२ च्या सुमारास संपते. आज घेतल्यास आपल्या हाती सव्वासहा वर्षे उरतात आणि वार्षिक आकडा १८,५७१ नव्हे, तर जवळपास २०,८०० होतो. हाच भागाकार एस२४ अल्ट्राला लावून पाहा. त्यालाही ७ वर्षांचीच हमी आहे, पण ती जानेवारी २०२४ पासून सुरू झाल्याने अजून सव्वापाच वर्षे शिल्लक आहेत. या सणाच्या सेलमध्ये तो पाऊण लाखाच्या आत उतरला आहे. ७२,००० धरले तरी वर्षाला १३,७०० च्या आसपास पडतात. शिवाय ही मालिका दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत बदलते, म्हणजे ऑक्टोबरात पूर्ण किंमत देणारा माणूस नऊ महिने जुन्या मालाला नव्याचा भाव देत असतो.

ईएमआयबद्दलही सांगून ठेवतो. 'नो कॉस्ट' म्हणतात त्या हप्त्यांत व्याजाएवढी रक्कम सवलत म्हणून वजा केलेली असते, परंतु त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क आपल्याच माथी येते. गेल्या २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाल्याचा आनंद फोनबाबत कोणी करू नये. मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले, फोन २०२० पासून १८ वरच आहेत. आपल्या १,२९,९९९ मध्ये १९,८०० हून अधिक रुपये कराचे आहेत. नोंदणीकृत व्यावसायिकाला व्यवसायासाठी घेतलेल्या फोनवर ते वळते करून घेता येतात, शिक्षकाला नाही.

हडसनकाठी | ५ ऑक्टोबर, पहाटे ४.०५

येथे न्यू जर्सीत राहिल्यामुळे दर दिवाळीला "येताना एक फोन आण" असा निरोप येतोच, म्हणून हिशेब तयार आहे. एस२५ अल्ट्राची येथील किंमत १,२९९.९९ डॉलर असून तीवर ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो, म्हणजे सुमारे १,३८६ डॉलर. ८८ रुपयांचा दर धरल्यास १,२२,००० रुपये झाले. वाचले ते आठ हजार, आणि त्यासाठी भारतातल्या वॉरंटीचा भरवसा सोडावा लागतो, कारण परदेशी बिलावर तेथील सर्व्हिस सेंटर दाद देईलच असे नाही. भाच्याला चकल्यांचा डबा आणायला सांगावे, फोन सांगू नये.

दफ्तरी | ५ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

जुन्या कागदांच्या प्रतिमा घेण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, त्यामुळे ताईंच्या प्रश्नातील फोनापेक्षा कागदाकडे आधी पाहतो.

प्रथम मेगापिक्सेल. १२ मेगापिक्सेलच्या चित्राची लांब बाजू साधारण ४,००० बिंदूंची असते. ए४ कागद ११.७ इंच लांब असतो. कागदाने चौकट नीट भरली, तर दर इंचाला सुमारे ३४० बिंदू पडतात आणि कडेला थोडी जागा सोडली, तरी ३०० च्या जवळपास राहतात. दस्तऐवज वाचण्यासाठी ३०० ची पातळी सर्वसाधारणपणे पुरेशी मानली जाते. फिकट शाई किंवा शिक्क्यातील बारीक अक्षरे असतील तर ४०० असलेले बरे. ५० मेगापिक्सेलवर हाच आकडा ७०० च्या घरात जातो. २०० मेगापिक्सेलवर तो कागदोपत्री १,४०० होतो खरा, पण एवढा तपशील त्या इवल्याशा भिंगातून प्रत्यक्षात उतरतो असे मला कधी दिसलेले नाही. दिसते ती फाइलची फुगलेली लांबी-रुंदी. म्हणूनच हा फोन एरवी स्वतःहून १६ बिंदूंचा एक करून १२ मेगापिक्सेलचेच चित्र देतो. आपल्या २०२१ च्या फोनमधूनही तेवढे मिळतच असणार.

दुसरी अडचण मोठ्या सेन्सरची, म्हणजे भिंगामागे प्रकाश टिपणाऱ्या भागाची, आहे, आणि ती जाहिरातीत कोणी सांगत नाही. मुख्य कॅमेऱ्याने ए४ कागद चौकटीत बसवायचा तर फोन कागदापासून २१-२२ सेंटिमीटरवर आणावा लागतो. एवढ्या जवळून मोठ्या सेन्सरची स्पष्टतेची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरातले स्पष्ट दिसते तो पट्टा, फार उथळ होते, भिंगाचे छिद्र लहान करून ती वाढवण्याची सोय या फोनमध्ये नसते, आणि परिणामी मधली ओळ लख्ख तर समासातली अक्षरे धुरकट येतात. मोडीत तारीख, "मोर्तब सूद" (मजकूर संपल्याची खूण) आणि शिक्के कडेलाच असतात, हे मी ताईंना सांगायला नको. अनेकदा तर फोन जवळ आला आहे असे ओळखून आपणहून अल्ट्रावाइड, म्हणजे फार रुंद दृश्य टिपणाऱ्या, भिंगावर उडी मारतो आणि ओळी कमानीसारख्या वाकतात. उपाय सोपा आहे. २x (दुप्पट झूम) निवडून फोन ४५ सेंटिमीटरच्या आसपास न्यावा, तो स्टँडवर कागदाला समांतर बसवावा आणि दोन्ही बाजूंनी सारख्या शक्तीचे दिवे तिरपे सोडावेत. तीन हातांच्या गुंडाळीचे, म्हणजे साडेचार फुटांचे, एकच चित्र घेण्याच्या मोहात पडू नये. प्रत्येक तुकड्यात आधीच्या दोन-तीन ओळी पुन्हा येतील असे पाच-सहा तुकडे घ्यावेत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यजमानांनी चंद्राचा उल्लेख थट्टेने केला असेल, पण तो नेमका आहे. मार्च २०२३ मध्ये सॅमसंगच्या चंद्राच्या छायाचित्रांवरून मोठा वाद झाला होता. चंद्र ओळखल्यावर डीप लर्निंगच्या साह्याने तपशील उठावदार केला जातो, हे कंपनीनेच स्पष्ट केले. ही सवय आज सर्वच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना कमीअधिक प्रमाणात आहे. चंद्राच्या बाबतीत कोणाचे काही बिघडत नाही, मात्र मोडीत एखादा फिकट काना कॅमेऱ्याने डाग समजून पुसला किंवा डागालाच धारदार करून काना बनवला, तर वाचन बदलते. म्हणून फोन कोणताही असो, 'डॉक्युमेंट स्कॅन' हा प्रकार या कामात वापरू नका. तो कागद पांढराशुभ्र करतो आणि त्यासोबत उडालेली शाईही साफ करतो. एस२५ अल्ट्रावर एक्स्पर्ट रॉ नावाचे अ‍ॅप चालते आणि त्यात कमी ढवळाढवळ केलेले चित्र मिळते, हा त्याचा खरा गुण.

घाटमाथा | ५ ऑक्टोबर, दुपारी ३.१०

एस२५ अल्ट्रा माझ्याकडे मार्चपासून आहे, म्हणून त्याच्या बाजूनेही कोणी बोलले पाहिजे. पडद्यावर प्रतिबिंब अगदी कमी पडते, भर उन्हात गडावर नकाशा वाचता येतो. ६.९ इंचांचा पडदा असूनही वजन २१८ ग्रॅम आहे, आधीचा २३२ होता. अल्ट्रावाइड कॅमेरा १२ वरून ५० मेगापिक्सेलचा झाला आहे. ५x भिंगाने समोरच्या कड्यावरची कातळातली पायरी मोजता येते. मला पश्चात्ताप झालेला नाही.

तरीही ताईंनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या वर्षीच्या एस पेनमधून ब्लूटूथ काढून टाकले आहे. एस२४ अल्ट्रापर्यंत फोन स्टँडवर ठेवून पेनचे बटण दाबले की दुरून छायाचित्र निघत असे. एस२५ अल्ट्रात ते होत नाही. लिहिणे, गिरवणे पूर्वीसारखेच उत्तम आहे.

बोरू आणि शाई | ५ ऑक्टोबर, सायंकाळी ६.२५

हे वाचून मी खुर्चीत बसून राहिले. फोन स्टँडवर टांगायचा, एका हाताने कागद पालटायचा आणि दुसऱ्या हातातल्या पेनने चित्र टिपायचे, असे चौदाशे वेळा करायचे, ही माझी सारी योजनाच त्या बटणावर उभी होती. म्हणजे महागडा नवा फोन घेऊन मी नेमकी तीच सोय गमावणार होते. मग एस२४ अल्ट्राच घ्यावा काय?

सांजवेळ | ५ ऑक्टोबर, सायंकाळी ७.००

ताई, केवळ बटणासाठी पाऊण लाख? सेल्फी स्टिकबरोबर येणारे ब्लूटूथचे बटण दोन-तीनशे रुपयांना सुटे मिळते आणि कोणत्याही फोनला चालते. आवाज कमीजास्त करण्याचे बटण असलेला वायरचा हेडफोन असेल, तर बहुतेक फोनांवर तेही लागत नाही.

जुना सर्किट | ५ ऑक्टोबर, रात्री ९.५०

मी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. येथे ७ वर्षांची भाषा चालली आहे म्हणून लिहितो. ७ वर्षे सॉफ्टवेअरला मिळतात. बॅटरी हे रसायन आहे आणि ते कोणाच्या हमीपत्राकडे पाहून म्हातारे होत नाही. रोज एक पूर्ण चार्ज धरला, तर तीन-चार वर्षांत बॅटरी बदलावीच लागते. तो खर्च भागाकारात धरा. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांच्या बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे असा नियम केला आहे, त्यावरून काय अपेक्षा ठेवावी याचा अंदाज यावा.

बॅटरीपेक्षा पडदा घातक. वॉरंटी संपल्यावर पडद्यावर उभी हिरवी रेघ उमटलेले महागडे फोन माझ्या टेबलावर नेहमी येतात. माझ्या स्वतःच्या फोनलाही एका अपडेटनंतर तशी रेघ आली. कंपनीचे नाव घेत नाही, कारण हा आजार एका घरापुरता राहिलेला नाही. वाकलेल्या कडांचा किंवा वरच्या श्रेणीचा पडदा बदलण्याचा खर्च ऐकून गिऱ्हाईक फोन परत खिशात घालते आणि त्याच पैशांत मधल्या श्रेणीचा नवा फोन घेते. महाग फोन घ्यायचाच तर वाढीव वॉरंटीसकट किंमत मांडा. ताईंच्या सध्याच्या फोनची बॅटरी मात्र बदलून मिळेल, आणि घरात वेगळा कॅमेरा म्हणून तो आणखी दोन वर्षे सहज राबेल. सुरक्षेचे अपडेट थांबल्याने त्यावर बँक आणि यूपीआय ठेवू नये, इतकेच.

रेघोट्या | ६ ऑक्टोबर, सकाळी १०.४५

मी पुस्तकांसाठी चित्रे काढते. गिरवून शिकवण्यासाठी ६.९ इंचही अपुरेच आहेत, हे अनुभवाने सांगते. हात टेकायला जागा मिळत नाही आणि मोडीतल्यासारखी लांब, न तुटणारी ओळ तीन अक्षरांतच कडेला जाऊन आपटते. सॅमसंगच्याच एस१० लाइट टॅबसोबत एस पेन मिळतो, पडदा १०.९ इंचांचा आहे आणि किंमत तीस हजारांच्या आसपास आहे. वर्ग घेताना त्यावर गिरवा, फोनवर नको.

चक्रवाढ | ६ ऑक्टोबर, दुपारी १२.२०

मग हिशेब फारच मजेशीर होतो. गॅलेक्सी ए५६ ची जाहीर किंमत ४१,९९९ पासून सुरू होते आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या या फोनला ६ वर्षांची हमी आहे, म्हणजे मार्च २०३१ पर्यंत. त्यात टॅब मिळवला तर ७२-७३ हजार झाले. सेलमधला एस२४ अल्ट्रा तेवढ्यालाच येतो आणि त्याचे अपडेटही जवळपास त्याच सुमारास संपतात. एका पारड्यात एक उत्तम वस्तू, दुसऱ्यात दोन पुरेशा वस्तू.

घाटमाथा | ६ ऑक्टोबर, दुपारी १.०५

येथे मी असहमती नोंदवतो. 'पुरेसे' हा शब्द आजचा आहे. मधल्या श्रेणीच्या फोनचा प्रोसेसर पाचव्या वर्षी धापा टाकू लागतो, अपडेट येत असले तरी. वरच्या श्रेणीत ही दमछाक उशिरा सुरू होते, आणि ५x भिंगासारखी गोष्ट नंतर कोणत्याही अपडेटने मिळत नाही. ताईंना गावातल्या मंदिराच्या शिखराजवळचा शिलालेख टिपायचा असेल, तर ए५६ हात टेकेल.

बोरू आणि शाई | १२ ऑक्टोबर, रात्री ८.३०

आठवडाभर येथे आले नाही, कारण तुमच्या सल्ल्यांची परीक्षा घेत होते. शाळेतील एका सहकाऱ्यांकडे एस२५ अल्ट्रा आहे. त्यांनी तो शनिवारी दिवसभर माझ्या स्वाधीन केला, हा त्यांचा मोठेपणा. दहा कागद निवडले. त्यांत एक कसरीने चाळण केलेला, एक पाण्याने शाई पसरलेला आणि एक इतका फिकट की तो मी आजवर फक्त तिरप्या उन्हात धरून वाचला आहे.

आधी हातात धरून छायाचित्रे घेतली. तेथे एस२५ अल्ट्राने माझ्या फोनला सपशेल हरवले. माझ्या फोनची दहापैकी चार चित्रे हलली होती, त्याचे एकही हलले नाही. नंतर शाळेच्या प्रयोगशाळेतील बुन्सेन बर्नरचा लोखंडी स्टँड आणला, त्याला फोन आडवा बांधला, दफ्तरीकाकांनी सांगितल्याप्रमाणे २x लावून ४५ सेंटिमीटर अंतर ठेवले आणि दोन बाजूंना अभ्यासाचे दोन दिवे ठेवले. आता दोन्ही फोनांची चित्रे लॅपटॉपवर शेजारी शेजारी मांडल्यावर आठ कागदांमध्ये कोणते चित्र कोणाचे हे मला ओळखता आले नाही, आणि यजमानांना तर एकाही कागदात आले नाही. पाणी लागलेल्या कागदावर एस२५ अल्ट्राच्या रॉ चित्रातून शाईच्या दोन छटा निराळ्या दिसल्या, तो फरक खरा आहे. फिकट कागद मात्र दोन्ही फोनांना नीट टिपता आला नाही. एक दिवा बंद करून दुसरा जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणला, तेव्हा बोरूने कागदावर पाडलेली खाच सावलीतून उठून दिसली आणि त्यातले गावाचे नाव मला प्रथमच पूर्ण लागले. ते चित्र माझ्या २०२१ च्या फोनचे आहे.

तेव्हा एस२५ अल्ट्रा घेत नाही. एस२४ अल्ट्राही नको. टॅब मागवला आहे, जुन्या फोनची बॅटरी बदलायला दिली आहे आणि बँकेच्या व्यवहारांसाठी ए५६ किंवा त्याच्या आसपासचे काही दिवाळीनंतर, सेलची घाई ओसरल्यावर, दुकानात हातात घेऊन ठरवीन. घाटमाथा, तुमचा शिलालेखाचा मुद्दा मला पटला आहे, पण शिखराजवळच्या शिलालेखासाठी मी तुम्हालाच बोलावणार आहे.

दफ्तरी | १२ ऑक्टोबर, रात्री ९.१५

तिरप्या दिव्याची युक्ती आपल्याला स्वतः सुचली, याचे कौतुक वाटते. चित्रांची नावे देताना पहिल्या दिवसापासून क्रमांक आणि पाठपोट लिहा, अन्यथा चारशेव्या कागदानंतर पाठ कोणाची आणि पोट कोणाचे, हे कळेनासे होते. प्रत्येक चित्रात कडेला एक मोजपट्टी ठेवा. मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी साठवा, त्यांतली एक घराबाहेर.

सांजवेळ | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

आमच्याकडेही आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत. दिव्यांची मांडणी थोडी सविस्तर सांगाल का?

बोरू आणि शाई | १३ ऑक्टोबर, रात्री ९.००

नक्की. दोन्ही दिव्यांत एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे एलईडी बल्ब लावावेत. एक पिवळा आणि एक पांढरा असला की कागद अर्धा जुना, अर्धा नवा दिसतो. दिवे कागदापासून दोन-अडीच फूट दूर, साधारण ४५ अंशांत तिरपे ठेवावेत. खोलीचा वरचा दिवा बंद करावा आणि खिडकीचा पडदा ओढावा, नाहीतर ढग आला की चित्राचा रंग बदलतो. कागदाखाली काळा किंवा करडा कपडा घालावा, म्हणजे फाटलेली कड नेमकी दिसते. आणि कितीही उकडले तरी पंखा बंद ठेवावा, कारण शनिवारी आमच्या पणजोबांचे एक कर्जरोखे टेबलावरून उडून थेट माठाखालच्या ओल्या तिवईवर जाऊन बसले, आणि ते वाळवण्यातच पुढचा पाऊण तास गेला.